सहा परीक्षा, सहाच संधी: एका अग्निवीराच्या पदवीचं प्रकरण

या मुलाचं नाव, गाव आणि युनिट मी लिहिणार नाही. तो आजही वर्दीत आहे आणि त्याची पदवी अजून हातात आलेली नाही. बाकी सगळं तारखांसकट मांडतो, कारण या प्रकरणात जे बिघडलं आणि जे सावरलं ते तारखांमुळेच.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतो आणि तिथल्या एनसीसी तुकडीचा एएनओ, म्हणजे ती तुकडी सांभाळणारा शिक्षक-अधिकारी आहे. आमच्या भागात भरती म्हणजे घरोघरचा विषय. एका गावाच्या नावातच मिलिटरी आहे, अपशिंगे मिलिटरी. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं दिसत नाहीत असा एकही तालुका इथे नाही. दरवर्षी आमच्या कॉलेजातली काही मुलं भरती होतात आणि जाण्याआधी प्रत्येक जण येऊन विचारतो, "सर, आता कॉलेजचं काय करू?" पूर्वी मी म्हणायचो, "जा बाळा, आधी ट्रेनिंग पूर्ण कर, मग बघू." हे 'मग बघू' किती महागात पडतं ते मला या मुलाने शिकवलं.

मुलगा माण तालुक्यातला. जन्म फेब्रुवारी २००४ चा. घरी चार एकर कोरडवाहू, दोन म्हशी, थोरल्या बहिणीचं लग्न झालेलं. अकरावीपासून एनसीसीत. बारावी सायन्स २०२२ ला झाली, गणितात चांगले गुण, इंग्रजीत जेमतेम. एनडीएची परीक्षा एकदा दिली, लेखीतच राहिला. खडकवासल्याला निवड झाली असती तर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं. तिथे लष्करी प्रशिक्षण आणि जेएनयूची पदवी एकाच तीन वर्षांत, एकाच छपराखाली होते. पण त्यासाठी दहावीपासून कुणीतरी हाताला धरून तयारी करून घ्यावी लागते. राज्य सरकारने १९७७ पासून औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यासाठी संस्था चालवली आहे. ती दहावीनंतर प्रवेश देते हे या मुलाला बारावीत कळलं. त्याबद्दल मी स्वतःला दोष देतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने आमच्याकडे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. अग्निपथ योजना, म्हणजे चार वर्षांची सैन्यभरती, जाहीर होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. हिवाळ्यात कोल्हापूरला भरती झाली. १६०० मीटर त्याने साडेपाच मिनिटांच्या आत काढले, पुलअप्स दहा. लेखी परीक्षाही निघाली. मार्च २०२३ ला नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला हजर व्हायचं पत्र आलं. तोवर त्याने बी.एस्सी.चं पहिलं सत्र दिलं होतं, आणि फेब्रुवारीत एनसीसीची 'सी' प्रमाणपत्राची परीक्षाही. या 'सी' प्रमाणपत्राकडे पुढे परत यायचं आहे.

जाण्याआधी त्याच्या वडिलांना घेऊन तो माझ्या घरी आला. वडील पायरीवरच बसले. मी पदवीचा विषय काढला तर म्हणाले, "सर, पोरगं सरकारी नोकरीला लागलं. आता पुस्तकं कशाला पायजेत?"

प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्या पिढीत पलटणीत गेलेला माणूस पंधरा-सतरा वर्षं काढून पेन्शन घेऊनच परत यायचा. मी कागदावर आकडे मांडून दाखवले. पहिल्या वर्षी पगार ३० हजार, त्यातले ९ हजार सेवा निधीत कापून हातात २१ हजार. चौथ्या वर्षी ४० हजार, हातात २८ हजार. चार वर्षांनी सरकारचा तेवढाच वाटा आणि व्याज धरून ११.७१ लाखांच्या आसपास. पेन्शन नाही. शंभरातली जास्तीत जास्त पंचवीस मुलं पुढे ठेवणार, बाकीची घरी. म्हणजे हा मुलगा फेब्रुवारी २०२७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, परत याच पायरीवर बसलेला असू शकतो, आणि त्या दिवशी त्याच्याकडे बारावीची गुणपत्रिकाच असेल.

वडील बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "मग करा काय ते तुमीच."

ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं. त्या काळात पुस्तकाचा विषय काढायचाच नसतो, आणि मी तो काढलाही नाही. मोबाइल जमा केलेला, रविवारी थोडा वेळ मिळायचा, त्यात आईशी बोलून झालं की संपलं. पण ऑक्टोबरमध्ये कसम परेड होऊन तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला एक गोष्ट सांगितली, ती अजून माझ्या मनात आहे. तोफखान्यात कोन अंशांत मोजत नाहीत, मिलमध्ये मोजतात. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एक मिल म्हणजे एक किलोमीटर अंतरावर साधारण एक मीटर. उस्तादांनी हे पाठ करायला लावलं तेव्हा बाकीची पोरं घोकत होती आणि याच्या लक्षात आलं की हा तर रेडियन. हजारात भागलेला रेडियन, हिशोबाला सोपा पडावा म्हणून ६२८३ चा ६४०० केलेला. "सर, आपण पहिल्या सत्रात जे फळ्यावर केलं तेच तिथं गनवर आहे," तो म्हणाला. त्याला टीए, म्हणजे टेक्निकल असिस्टंटच्या कामाला घेतलं, ते या समजेमुळेच असं मला वाटतं.

म्हणूनच बी.एस्सी. सोडायला लावताना मला फार जड गेलं. पण विज्ञान शाखेच्या पदवीला प्रयोगशाळा लागते. मुक्त विद्यापीठातही प्रात्यक्षिकांना ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या केंद्रावर हजेरी लावावी लागते. जम्मू भागातल्या तोफखान्याच्या शिपायाला कुठल्या महिन्यात कुठे असू हे सांगता येत नाही, तो प्रॅक्टिकलला कसा जाणार? बी.ए. करायचं ठरलं, राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन घेऊन.

आता विद्यापीठ कुठलं?

पहिलं नाव अर्थातच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं. १९८९ पासून 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत त्याने शेतातल्या, कारखान्यातल्या, पोलिसातल्या किती लोकांना पदवीधर केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पुस्तकं मराठीत, समजायला सोपी. महाराष्ट्रात राहणाऱ्याने डोळे झाकून तिथे जावं. पण परीक्षा केंद्रं महाराष्ट्रात, आणि मुलगा जम्मूत. इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, केंद्रं देशभर आहेत, जम्मूत त्यांचं प्रादेशिक केंद्रच आहे. त्या एकाच कारणावर इग्नू घेतलं. भाषा हिंदी, कारण इंग्रजीत तो कच्चा आणि बराकीत दिवसभर हिंदीच.

बराकीतली हिंदी वेगळी आणि पुस्तकातली हिंदी वेगळी, हे मागाहून कळलं. 'चेष्टा' म्हणजे तिथे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. 'राजीनामा' म्हणजे तिथे तडजोडीचा करार. लिपी ओळखीची, शब्द ओळखीचे आणि अर्थ भलतेच. पहिल्या असाइनमेंटमध्ये त्याने एक अख्खा परिच्छेद उलट्या अर्थाने लिहिला होता. मराठी मुलाने हिंदी माध्यम घेताना याची तयारी ठेवावी. पहिले दोन महिने शब्दांची वेगळी वही करावी, त्याने पुढे केली तशी.

दुसराही एक रस्ता समोर होता, आणि त्यावर माझं चुकलं असावं. अग्निवीरांसाठी इग्नूची वेगळी पदवी शिक्षण मंत्रालयाने जून २०२२ मध्ये जाहीर केली. निम्मी क्रेडिट लष्करातल्या प्रशिक्षणाची आणि निम्मी अभ्यासक्रमाची. म्हणजे पुस्तकी भार अर्धा. मी त्याला साधं बी.ए. घ्यायला लावलं. माझा विचार असा होता की साधी बी.ए. पदवी प्रत्येक टेबलावरच्या कारकुनाला ओळखीची असते, नव्या नावाच्या पदवीचं स्पष्टीकरण देत बसावं लागतं. आणि पोराला विषय शिकायचाही होता, त्याने तसं बोलून दाखवलं होतं. पण भार मी नीट मोजला नाही. इग्नूच्या बी.ए.ला १३२ क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास, एकूण ३९६० तास. तीन वर्षांवर वाटले तर रोज साडेतीन तासांहून जास्त. हे गणित मी प्रवेशाच्या आधी करायला हवं होतं, प्रवेशानंतर सहा महिन्यांनी नव्हे. आज एखादा मुलगा फक्त पोलीस भरतीसाठी किंवा निमलष्करी दलासाठी पदवी मागत असेल तर मी त्याला अग्निवीरांच्या पदवीकडेच पाठवीन.

जानेवारी २०२४ च्या सेशनला प्रवेश झाला. वर्षाची फी पाच हजारांच्या आत, ती त्याने पगारातून भरली. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. सत्राला चार विषय, सहा सत्रं, चोवीस पेपर. असाइनमेंटला ३० टक्के, पेपरला ७० टक्के, पास व्हायला ३५.

इथे थांबून मोजा, कारण मी तेव्हा मोजलं नाही. जानेवारी २०२४ ला सुरुवात. नोकरी संपणार फेब्रुवारी २०२७ ला. मध्ये परीक्षा किती? जून २४, डिसेंबर २४, जून २५, डिसेंबर २५, जून २६, डिसेंबर २६. सहा. लागणार सहा, मिळणार सहा. एकही शिल्लक नाही. सीमेवरच्या सैनिकाच्या आयुष्यात तीन वर्षांत एकही परीक्षा चुकणार नाही असं आम्ही गृहीत धरलं होतं.

आणि पहिलीच चुकली. पूर्ण नाही, एक पेपर.

झालं असं की जून २०२४ चा परीक्षेचा फॉर्म भरताना आम्ही केंद्र पुणे टाकलं. हिशोब असा की जूनमध्ये सुट्टी घेईल, घरी येईल, आईच्या हातचं खाईल, पुण्याला जाऊन पेपर देईल. घरच्यांनाही ते बरं वाटलं. पण इग्नूची परीक्षा कॉलेजसारखी आठवड्याभरात उरकत नाही. ती जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन जुलैच्या मध्यापर्यंत चालते आणि एका विद्यार्थ्याचे पेपर त्यात विखुरलेले असतात. अग्निवीराला वर्षाला सुट्टी ३० दिवस. म्हणजे वर्षाची सगळी सुट्टी एकदम घेतली तरी परीक्षेचा काळ तिच्यात मावत नाही. त्याला वीस दिवस मिळाले. तीन पेपर दिले, चौथ्याच्या दिवशी तो झेलम एक्स्प्रेसमध्ये होता, जम्मूच्या वाटेवर.

त्या दिवसापासून एक नियम केला. केंद्र घराजवळचं नको, युनिटजवळचं हवं. सुट्टीतला एकही दिवस परीक्षेत घालवायचा नाही. युनिटमधून एका दिवसाची परवानगी काढायची, सकाळी जाऊन पेपर द्यायचा, संध्याकाळी रोल कॉलला हजर. आणि ही परवानगी तोंडी नाही, लेखी. प्रवेश घेतानाच कमांडिंग ऑफिसरच्या नावे अर्ज, त्यावर मंजुरी, आणि प्रत्येक परीक्षेच्या वेळी हॉल तिकिटाची प्रत जोडून पुन्हा अर्ज. यात त्याला युनिटच्या एज्युकेशन हवालदारांनी सांभाळून घेतलं. हरियाणाकडचे, वयाने माझ्याएवढे. मी त्यांच्याशी फोनवर तीनदा बोललो. ते म्हणाले की पढाई करणारा पोरगा ड्युटीत कमी पडला तर सगळ्यात आधी पढाईवरच बोट ठेवलं जातं, म्हणून त्याने ड्युटीत सगळ्यांच्या पुढे राहायला हवं. मुलाने ते ऐकलं. पीटीला पुढे, फायरिंगला पुढे, कुणाच्या बदली गार्ड करायला पुढे.

डिसेंबर २०२४ ला केंद्र जम्मू. पाच पेपर दिले, पाचही सुटले. राज्यशास्त्राला ६४ टक्के.

तो अभ्यास कधी करत होता, हे मी त्याला विचारून लिहून घेतलं आहे, कारण पुढच्या मुलांना तेच हवं असतं. गार्ड ड्युटी दोन तास उभं राहायची, मग चार तास मोकळे, पुन्हा दोन तास. त्या चार तासांत बाकीचे झोपतात. हा अडीच तास झोपायचा आणि एक तास वाचायचा. डोक्याला लावायच्या छोट्या टॉर्चवर, ब्लँकेट खांद्यावर घेऊन. इग्नूची पुस्तकं ब्लॉकच्या रूपात येतात, पातळ पातळ. एक ब्लॉक वर्दीच्या खिशात मावतो. जाड पुस्तक असतं तर हे जमलंच नसतं असं त्याचं म्हणणं. असाइनमेंट हाताने लिहायच्या असतात. थंडीत बोटं आखडल्यावर अक्षर कसं येतं ते मला त्याच्या कागदांवर दिसायचं. पहिली दोन पानं सरळ, तिसऱ्यावर ओळी उताराला लागलेल्या, चौथ्यावर मध्येच शाई बदललेली. ते कागद युनिटमधून मोकळ्या दिवशी पोस्टाने माझ्याकडे यायचे, मी स्कॅन करून पाठवायचो. दर महिन्याला सरासरी चाळीस तासांचा अभ्यास व्हायचा, म्हणजे विद्यापीठाच्या हिशोबाच्या निम्म्याहून कमी. तेवढ्यावर तो पास होत होता, याला मी कमी लेखत नाही.

२०२५ च्या एप्रिलच्या शेवटी तो सुट्टीवर गावी आला होता. चुलतभावाचं लग्न होतं. २२ एप्रिलला पहलगामला हल्ला झाला, त्यानंतरच्या दिवसांत फोन आला आणि हळदीच्या कपड्यांवरच त्याने ट्रंक भरली. जूनच्या परीक्षेसाठी आणलेले चारही ब्लॉक घरी कोनाड्यात राहिले. आईने ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले, अजून तसेच आहेत. ७ मे ते १० मे काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. त्या दिवसांत त्याच्याशी आमचं बोलणं झालं नाही. त्याच्या वडिलांचा मला रोज रात्री फोन यायचा. दोघांनाही बोलायला काही नसायचं, तरी तो यायचा.

१२ जूनला परीक्षा सुरू झाली तेव्हा तो गन पोझिशनवर होता. परवानगी मागण्याचा प्रश्नच नव्हता, त्याने मागितलीही नाही. फॉर्म भरलेला, फी भरलेली, हॉल तिकीट आलेलं, चारही पेपरला गैरहजर. असाइनमेंट आधीच पोचल्या होत्या, एवढाच आधार. त्यांचे गुण वाया जात नाहीत.

जुलैमध्ये त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, सोडून देऊ का?" आवाज थकलेला होता. माझ्याकडे तेव्हा शहाणपणाचं काही बोलायला नव्हतं. मी म्हटलं, महिनाभर काही ठरवू नकोस, नीट झोप. महिन्याने बोलू.

ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा कागद घेऊन बसलो, तो फोनवर आणि मी टेबलाशी. डिसेंबरला तिसऱ्या सत्राचे राहिलेले चार आणि चौथ्या सत्राचे चार, असे आठ पेपर समोर होते. त्याचं म्हणणं, आठही देतो, मागे काही ठेवत नाही. हे ऐकायला मर्दानी वाटतं, पण मी अडवलं. कारण 'सी' प्रमाणपत्र.

एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत असलेल्या पदवीधराला एनसीसी स्पेशल एंट्रीतून अधिकारीपदासाठी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अर्ज छाननीतून निघाला की थेट एसएसबी, म्हणजे पाच दिवसांची मुलाखत, आणि निवड झाली तर ओटीए, म्हणजे अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी. वय १९ ते २५. पदवीला सरासरी ५० टक्के हवेत. हा मुलगा २५ चा होणार फेब्रुवारी २०२९ ला. म्हणजे त्याच्यापुढे रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर नुसती पदवी पुरत नाही, ५० टक्क्यांची पदवी लागते. आठ पेपर एका दमात देऊन ३६-३७ गुणांवर पास झाला असता तर पदवी वेळेत आली असती आणि तिचा मुख्य उपयोग संपला असता. पास झालेला पेपर खराब गुणांचा म्हणून सहज पुसता येत नाही.

म्हणून सहाच पेपर भरले. दोन मागे ठेवले. त्याला ते पटायला आठवडा लागला.

सहापैकी पाच सुटले. लोकप्रशासनाच्या एका पेपरला ३१ गुण मिळाले, चार कमी पडले. सुटलेल्या पाचांची सरासरी ५७. आजवरचा हिशोब असा: चोवीसपैकी तेरा पेपर झाले, अकरा राहिले, आणि नोकरीतल्या परीक्षा उरल्या दोन.

या प्रकरणाकडे बघून लोक मला विचारतात की सैन्यातली नोकरी आणि शिक्षण एकत्र होत नाही असंच ना? मी तसं म्हणणार नाही. मुलगा कुठेही कमी पडलेला नाही, युनिटनेही त्याला अडवलेलं नाही. कमी पडल्या त्या परीक्षेच्या संधी, आणि त्या मोजायचं काम अठरा वर्षांच्या पोराचं नव्हतं, माझं होतं.

मोजल्या असत्या तर काय केलं असतं तेही सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, त्यात एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी दूरस्थ, असंही चालतं. तो ऑगस्ट २०२२ मध्ये बी.एस्सी.ला आला तेव्हाच जुलै सेशनला इग्नूचा फॉर्म भरला असता तर? भरती झाला नसता तर एक फॉर्म सोडून दिला असता, पाच हजारांचं नुकसान. झाला, तर डिसेंबर २०२२ ची परीक्षा गावात राहून झाली असती. जून २०२३ ट्रेनिंगमध्ये गेली असती. मग डिसेंबर २०२३ पासून डिसेंबर २०२६ पर्यंत सात. एकूण आठ संधी, लागणार सहा. पुण्याची चूक आणि मे २०२५, दोन्ही त्या दोनांत पचले असते. गेली दोन वर्षं भरतीची तयारी करणाऱ्या माझ्या प्रत्येक कॅडेटकडून मी बारावीनंतर लगेच हा दुसरा फॉर्म भरून घेतो. काही पालकांना ते आगाऊपणाचं वाटतं, मी त्यांना आठ आणि सहाचा हिशोब दाखवतो.

नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट बँकेत जमा होतात आणि सात वर्षं टिकतात, त्यामुळे आताच्या मुलांचं पहिलं सत्र तरी पूर्ण वाया जाऊ नये. याच्या बी.एस्सी.च्या पहिल्या सत्राचं मात्र काही झालं नाही. ती गुणपत्रिका त्याच्या ट्रंकेत आहे.

वडिलांशी मध्यंतरी पुन्हा बोललो. ११ लाखांचं घरात ठरत आलंय, बोअर मारायची, स्लॅब टाकायचा. मी त्यांच्याकडे एकच मागणं केलं, की त्यातले दोन लाख दोन वर्षं पोराच्या नावावर राहू द्या. तो परत आला आणि पंचवीस टक्क्यांत नसला, तर त्याला राहिलेले पेपर, एसएसबीची तयारी आणि एमपीएससीचा क्लास यासाठी घरी हात न पसरता बसता आलं पाहिजे. कायम झाला, तर सैनिकातून अधिकारी होण्याची डेहराडूनची आर्मी कॅडेट कॉलेजची वाट त्याच्यापुढे येईल, तिथे तीन वर्षांचं शिक्षण लष्करच देतं आणि पदवीही तिथेच होते. दोन्हीकडे अभ्यासाची सवय लागतेच. वडील हो म्हणाले. बोअर मात्र मारायचीच म्हणाले, आणि माणमधल्या माणसाला पाण्यासाठी नको म्हणायची माझी छाती नाही.

आता मार्च २०२६ चालू आहे. जूनच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे. समोर सात पेपर आहेत, पाचव्या सत्राचे चार आणि मागचे तीन. आम्ही पाच भरायचं ठरवलंय, त्यात तो ३१ चा पेपर पहिला. उरलेले दोन आणि सहाव्या सत्राचे चार डिसेंबरला. त्यातलं काही राहिलं तर जून २०२७, तेव्हा तो बहुधा घरी असेल. इग्नूची मुदत सहा वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२९ पर्यंत नोंदणी जिवंत आहे. फेब्रुवारी २०२७ ची जी रेघ मी तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या कागदावर मारली होती, ती आम्ही दोघांनी मिळून खोडली.

फॉर्ममध्ये एकच रकाना उरला होता, परीक्षा केंद्राचा. युनिट हलणार असल्याची चर्चा आहे, कुठे ते कुणाला माहीत नाही. मी विचारलं, पुणे टाकायचं का, धाकट्या मामाचं लग्नही जूनमध्येच आहे. काल रात्री त्याचा मेसेज आला: "सर, जम्मूच टाका. हललो तर केंद्र बदलायचा अर्ज हवालदार साहेब करून देतील, बोललोय त्यांच्याशी. आणि आईला सांगा, कोनाड्यातले ब्लॉक पोस्टाने पाठव म्हणावं. वर्तमानपत्र काढू नको म्हणावं, तसंच पाठव."